कावेरीकाठचे ताट आणि वाढते वजन

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील शहर जसे मंदिरांसाठी, तसेच खाण्यापिण्यासाठीही ओळखले जाते. येथील ‘डिग्री कॉफी’चे नाव दक्षिणेतील महामार्गांवरच्या असंख्य पाट्यांवर झळकते. येथील विड्याच्या पानांना २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोवतालचा त्रिभुज प्रदेश म्हणजे तामिळनाडूचे भाताचे कोठार. मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांनी स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि सरफोजीराजांच्या काळातील ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी पाकग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केला. सांबाराचा संबंध संभाजीराजांशी जोडणारी आख्यायिकाही याच दरबाराची. तिला भक्कम पुरावा नसला तरी ती रुचकर आहे, एवढे मान्य करावे लागेल.

अशा समृद्ध अन्नसंस्कृतीच्या प्रदेशात आज वजनाचा प्रश्न उभा आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तामिळनाडूतील १५ ते ४९ वयोगटातील ४०.४ टक्के स्त्रिया व ३७ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ होते. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे ३०.९ व २८.२ टक्के होते. महाराष्ट्राचे आकडे २३.४ व २४.७ टक्के असे आहेत; म्हणून निश्चिंत राहावे, असा मात्र त्यांचा अर्थ नाही. वजनापाठोपाठ मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार येतात आणि त्यांचा खर्च बहुधा कुटुंबाच्या कमावत्या वयातच सुरू होतो.

वजन जास्त आहे हे ठरवायचे कसे? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. १६० सेंटिमीटर उंची व ६८ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे २६.६ येतो. वर दिलेल्या पाहणीत २५ ही मर्यादा धरली आहे. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती असल्याने भारतीय तज्ज्ञांनी २३ च्या पुढे अतिवजन व २५ च्या पुढे लठ्ठपणा मानावा, असे सुचविले आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हीदेखील धोक्याची खूण होय. शिंप्याची साधी टेप यासाठी पुरेशी आहे.

तीन वाढींचा भात

कुंभकोणमच्या पारंपरिक भोजनात भात तीनदा येतो: प्रथम सांबाराबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी दह्याबरोबर. शिजलेल्या भाताच्या एका वाटीतून, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम भातातून, जवळपास १९५ कॅलरी मिळतात. तीन वाट्यांचे जवळपास ६०० कॅलरी होतात आणि त्यात तूप, नारळ व अप्पळम धरलेले नाहीत. दिवसभर चिखलात रोवणी करणाऱ्या शरीराला हे अन्न आवश्यकच होते. शेतीकामात यंत्रे आली, पायी जाण्याची जागा दुचाकीने घेतली, उपजीविका दुकानात व कार्यालयात गेली. ताट मात्र तेवढेच राहिले. दोष भाताचा नाही, श्रम आणि ताट यांचा मेळ सुटल्याचा आहे.

म्हणूनच भात वर्ज्य करा हा सल्ला या प्रदेशात निरुपयोगी ठरतो. चार दिवस पाळला जातो आणि पाचव्या दिवशी मोडतो. त्याऐवजी तिन्ही वाढी ठेवून प्रत्येक वाढ अर्धी करावी आणि रिकामी झालेली जागा पोरियल, कूट्टू व कीरै म्हणजे पालेभाजी यांनी भरावी. भाजी आधी वाढून घ्यावी, भात नंतर. सांबारातील डाळ दाट ठेवावी. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत, असे म्हटले आहे. वजन उतरविणाऱ्याला एकूण प्रमाण याहून कमी लागेल, पण परस्पर प्रमाण हेच राहावे. संध्याकाळी मुरुक्कूऐवजी हरभऱ्याचे सुंडल खाल्ले, तर प्रथिनांची उणीव अंशतः भरून निघते.

माप्पिळ्ळै सांबा, काट्टुयाणम यांसारख्या जुन्या वाणांना आज पुन्हा मागणी आहे. नेल जयरामन यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत असे सुमारे १७० वाण जमा केले. हातसडीचा तांदूळ तंतुमय असल्याने पोट लवकर भरते. परंतु त्याच्या कॅलरी पांढऱ्या तांदळाच्या जवळपास असतात. नाव जुने आहे म्हणून चार वाट्या खाल्ल्यास वजन उतरणार नाही.

कॉफीचा हिशेब असाच तपासण्यासारखा आहे. पाणी न घातलेले दूध ही डिग्री कॉफीची ओळख. पेल्यात १० ग्रॅम साखर धरली, तर चार पेल्यांतून ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंतच वरची साखर इष्ट मानली आहे. पेले दोनवर आणणे आणि दर पंधरवड्याला साखर थोडी कमी करणे जिभेला सोसवते. एका वेळी एकच सवय बदलावी, ती रुळली की दुसरीकडे वळावे. महाराष्ट्रातील घरांनाही हे लागू आहे. उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी समजली जाते. पण तामिळनाडूतील सेलम परिसरातून मोठ्या प्रमाणात येणारा साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट होय.

काट्यापलीकडचे यश

वजन किती वेगाने उतरावे? आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग आहे. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के घट, म्हणजे ६८ किलोच्या व्यक्तीत साडेतीन किलोच्या आसपास, हे पहिले उद्दिष्ट पुरेसे आहे. काटा हलला नाही म्हणून प्रयत्न सोडणारे पुष्कळ असतात. त्यांनी चेन्नईतील एक अभ्यास लक्षात घ्यावा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्ती होत्या. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; आहारबदल व नियमित चालणे स्वीकारलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. सवयींचा लाभ काट्यावर दिसण्याआधीच शरीराला मिळू लागतो. महामहम कुंडाभोवती सकाळी अर्धा तास भरभर चालण्यास खर्च काहीच नाही.

काही सावधगिरीही हवी. याच पाहणीत तामिळनाडूतील ५३.४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जाड दिसणारी स्त्री सुपोषित असेलच असे नाही. तिने जेवण टाळून वजन कमी केले, तर चरबीबरोबर बळही जाते. अंडी, मासे, डाळी व पालेभाज्या तिच्या ताटात वाढल्याच पाहिजेत. घरात सर्वांना वाढून उरलेला भात व सांबाराचे पाणी स्वतःसाठी ठेवण्याची रीत येथे आड येते. ती बदलणे हे एकट्या गृहिणीचे काम नव्हे. गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले आणि मधुमेहावर इन्सुलिन वा गोळ्या घेणारे यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहार घटवू नये, कारण रक्तशर्करा अचानक खालावू शकते.

ऑगस्ट २०२१ मध्ये तामिळनाडू शासनाने ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकसेवा, ही योजना सुरू केली. तिच्याद्वारे घरी येणाऱ्या महिला कार्यकर्त्या रक्तदाब व रक्तशर्करा तपासतात आणि औषधे पोहोचवितात. त्यांच्या भेटीत कमरेचा घेर मोजून घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवला, तर तीन महिन्यांनी ताटातील बदलाचा परिणाम त्याच टेपने पडताळून पाहता येतो.