उष्णता सोसणाऱ्या भाज्या : सवय आणि वारसा

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत विठ्ठलवाडीच्या अथवा कल्याणच्या भाजीबाजारात गेले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. भेंडी, गवार, दुधी, काकडी या भाज्या उन्हाची फारशी पर्वा करीत नाहीत. फ्लॉवर व मटार मात्र महाग होऊ लागतात, आणि टोमॅटोच्या भावाचा तर भरवसाच नसतो. इतकेच नव्हे, तर टोमॅटोच्या एकाच वाफ्यात एक झाड फळ धरते आणि शेजारचे फुले गाळून बसते. ऊन दोघांवर सारखेच; माती व पाणीही तेच. मग हा भेद कोठून येतो, आणि तो पुढच्या पिढीस देता येतो काय? या प्रश्नाचा विचार आपणांस येथे करावयाचा आहे.

उन्हामुळे झाड वाळते, ही सर्वांची समजूत आहे. पण टोमॅटोचे झाड वरून हिरवेगार असतानाही नापीक होऊ शकते. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचे २५ अंशांच्या वर राहू लागले की त्याची फळधारणा झपाट्याने कमी होते. यात रात्रीची उष्णता विशेष घातक. आणि आपल्या कोकणपट्टीत तर वैशाखातील रात्रीही उबदारच असतात. फूल उमलण्यापूर्वी सुमारे आठ ते तेरा दिवस कळीच्या आत परागकण घडत असतात. त्या सुमारास उष्णता वाढली, तर पराग पोकळ व निर्जीव निपजतात. पुढे फूल उमलते, दिसतेही सुंदर. परंतु बी धरविण्याची शक्ती त्यात नसते, म्हणून ते गळून पडते. आज गळालेल्या फुलाचे कारण असे मागल्या आठवड्यातील उन्हात असते.

या संकटाशी झुंजण्याची सोय प्रत्येक सजीवात असते. अंडे उकडले म्हणजे त्यातील पातळ पांढरा भाग घट्ट होतो. कारण उष्णतेने त्यातील प्रथिनांचा आकार मोडतो. वनस्पतीच्या पेशींतील प्रथिनांनाही असेच भय असते. इ. स. १९६२ मध्ये रितोसा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने फळमाशीवर प्रयोग करताना असे पाहिले की, उष्णता वाढताच तिच्या पेशींतील काही विशिष्ट जनुके एकाएकी कामाला लागतात. या जनुकांपासून जी प्रथिने तयार होतात, ती इतर प्रथिनांचा आकार राखतात व मोडलेला आकार सावरून देतात, हे पुढे कळून आले. त्यांना राखणदार म्हणण्यास हरकत नाही. हे राखणदार टोमॅटोच्या प्रत्येक झाडात आहेत. परंतु ते किती लवकर उठतात आणि किती संख्येने येतात, याबाबत वाणावाणांत भेद असतो.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोप लावणीपूर्वी थोडे थोडे उन्हात ठेवले तर ते काटक होते, हे प्रत्येक माळ्यास ठाऊक आहे. परंतु हा काटकपणा म्हणजे त्या रोपाची सवय होय. तो वारसा नव्हे. लोहाराचे दंड घण मारून बळकट होतात, म्हणून त्याचे मूल बळकट दंड घेऊन जन्मास येत नाही. अशा सवयीचा अल्पसा प्रभाव कधी पुढल्या पिढीत दिसतो, तरी त्यावर नवा वाण उभा राहत नाही. वारशाने जाते ते जनुक. आणि म्हणून उष्णता सोसणारा वाण हवा असेल, तर झाडांना नुसते तापवून भागत नाही, झाडे निवडावी लागतात.

वारशाचे नियम प्रथम ग्रेगोर मेंडेल या मठवासी धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग करून शोधिले व इ. स. १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याने घेतलेले गुण सुटसुटीत होते : दाणा गोल की सुरकुतलेला, फूल जांभळे की पांढरे. असे गुण बहुधा एकेका जनुकाच्या जोडीवर अवलंबून असतात. उष्णता सोसण्याचा गुण तसा नाही. परागाची शक्ती, मुळांची खोली, पानांचे बाष्पीभवन, राखणदार प्रथिनांची तत्परता, अशा पुष्कळ गोष्टी मिळून तो होतो, आणि प्रत्येकीमागे अनेक जनुके असतात. शिवाय हवामानाचा परिणाम त्यात इतका मिसळलेला असतो की, चांगले झाड वारशामुळे चांगले की केवळ सावलीत उगवले म्हणून चांगले, हे एका दृष्टिक्षेपात सांगता येत नाही. म्हणून येथे धीर लागतो.

हा धीर काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या ताटातच आहे. फुलकोबी, जिला आपण नुसते फ्लॉवर म्हणतो, ती मूळची थंड हवेची. इ. स. १८२२ मध्ये तिचे बी इंग्लंडाहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, असे उद्यानविद्येच्या ग्रंथांत नमूद आहे. विलायती जातींस गड्डा धरण्यास गारवा हवा, आणि बी धरण्यास तर कित्येक आठवड्यांची थंडी हवी. उत्तर हिंदुस्थानातील शेतकऱ्यांनी व माळ्यांनी पिढ्यान् पिढ्या एकच केले : आपल्या उन्हापावसात ज्या झाडांनी गड्डा धरला, त्यांचेच बी राखले. मधमाश्यांनी त्यांचा आपसांत संकर केला. अखेर भारतीय फुलकोबी म्हणून एक निराळाच वर्ग निर्माण झाला. यांतील लवकर येणाऱ्या जाती २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात, आणि त्यांचे बी सपाटीवरच तयार होते. त्या माळ्यांना जनुक हा शब्दही माहीत नव्हता; परंतु निवडीचा नियम त्यांच्या हातांस कळला होता. पुढे पुसा संस्थेने याच साठ्यातून पुसा कातकी, पुसा दीपाली, पुसा मेघना इत्यादी वाण सिद्ध केले.

टोमॅटोची वाट अधिक कठीण ठरली. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने चार हजारांहून अधिक नमुने उष्ण हवेत लावून पाहिले, तेव्हा उत्तम तग धरणारे शंभरांत एकही भरले नाही. आणि जे भरले त्यांतील पुष्कळांची फळे लहान होती. तरीही त्याच थोडक्यांशी मोठ्या फळांच्या जातींचा संकर करून उष्ण प्रदेशासाठी नवे वाण निघाले. आपल्याकडील पुसा सदाबहार हा वाणही रात्रीच्या कमी व अधिक दोन्ही तापमानांत फळ धरतो. इ. स. २०२३ च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोस शंभर रुपयांहून महाग झाला, हे पालकांच्या स्मरणात असेलच. त्यास पाऊस, रोग, उष्णता अशी अनेक कारणे होती. तथापि तग धरणाऱ्या बियाण्याची गरज त्या वर्षी घरोघरी पटली.

यावरून मुख्य बोध असा की, निवड करावयाची तर आधी भेद असावा लागतो. सर्व शेतांत एकच वाण झाला आणि जुनी बियाणी नष्ट झाली, तर शंभरांतील ते एक आपण कोठून शोधणार? म्हणून अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जतन करण्याचे जे कार्य केले, त्याचे मोल मोठे आहे. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईंस इ. स. २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही एक लहानसा प्रयोग करू शकता. पौष महिन्यात गावरान टोमॅटोची दहा-बारा रोपे सारख्या कुंड्यांत लावा. दर आठवड्यास कुंड्यांच्या जागा बदला, म्हणजे सावलीचा लाभ एकालाच मिळणार नाही. उन्हाळा चढू लागला की प्रत्येक झाडाची फुले व धरलेली फळे मोजून वहीत लिहा. सर्वांत अधिक फळे धरणाऱ्या झाडाचे बी वाळवून, नाव व तारीख घालून ठेवा आणि पुढील वर्षी तेच लावा. बाजारातील संकरित बियाणे मात्र यासाठी घेऊ नका. त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एका वर्षात नवा वाण होणार नाही. परंतु सवय कोणती आणि वारसा कोणता, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहू लागाल.