अर्धवर्तुळाची कड

शाळेत गणित शिकवताना अर्धवर्तुळाने मला जितकं विचारात पाडलं, तितकं पूर्ण वर्तुळाने कधी पाडलं नाही. सूत्रं दोनच आहेत. पण त्यांच्यात काय काय दडलंय, ते वर्गातली मुलं, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि मैदानावर आखलेल्या फक्कीच्या रेषा यांच्यामुळे हळूहळू कळत गेलं.

१. अर्धं केलं की सगळंच अर्धं होत नाही. ७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १५४ चौसेमी आणि परीघ ४४ सेंमी. मधोमध कापलं की क्षेत्रफळ ७७ होतं; इथवर सगळा वर्ग बरोबर असतो. परिमिती मात्र २२ होत नाही, ३६ होते. २२ चा कंस आणि १४ चा सरळ व्यास. दरवर्षी कुणीतरी २२ लिहितंच, आणि मला त्यात निष्काळजीपणा दिसत नाही. निम्मं म्हणजे निम्मं, यावर आपला सगळा व्यवहार चालतो. पण भाकरी मधोमध मोडली की मोडल्या जागी दोन नव्या कडा येतात, त्या आधी नव्हत्याच. दोन्ही अर्धवर्तुळांच्या परिमिती मिळून ७२ भरतात. ४४ वर आलेले जादा २८ म्हणजे तोच व्यास दोनदा मोजलेला. म्हणून सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मी कंपासपेटीतला कोनमापक बाहेर काढायला सांगतो आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवायला लावतो. बोट टोकापाशी येतं, वळावं लागतं, आणि तिथेच कुणीतरी विचारतं, “सर, खालचीपण धरायची?”

२. व्यास प्रत्येक वेळी धरायचा नसतो, हे समजायला त्याहून अवघड. कमानीची खिडकी घ्या. खाली ७० सेंमी रुंद आणि १०० सेंमी उंच आयत, त्यावर ३५ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ. भोवतीने पट्टी मारायची तर कमानीचे ११०, दोन बाजूंचे २०० आणि तळाचे ७०, एकूण ३८० सेंमी. मधला व्यास आत बुडाला, त्याला पट्टी लागत नाही. काच मात्र दोन्हींची मिळून लागते, ७००० अधिक १९२५. आता मी मुलांना आकाराचं नाव विचारत नाही. कड कुठून कुठे जाते, एवढंच विचारतो.

३. क्षेत्रफळाचं सूत्र पाठ होतं तसंच विसरलंही जातं. त्यामागचं चित्र मात्र टिकतं. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ ग्रंथात वर्तुळाचं क्षेत्रफळ सांगितलं ते असं: निम्मा परीघ गुणिले निम्मा व्यास. अर्धवर्तुळात तो निम्मा परीघ डोळ्यांसमोरच असतो, तो म्हणजे कंस. कंसाची लांबी गुणिले त्रिज्या, भागिले दोन: २२ गुणिले ७ म्हणजे १५४, त्याचे निम्मे ७७. कागदाचं अर्धवर्तुळ केंद्रापासून बारीक पाचरींत कापावं आणि एकीचं टोक वर, दुसरीचं खाली अशा त्या एकमेकींत बसवाव्यात. पाचरी जितक्या बारीक, तितका तो आकार ११ लांब आणि ७ उंच आयताच्या जवळ जातो. हे मी कितीदा केलंय, तरी शेवटची पाचर बसते तेव्हा आजही आनंद होतो.

४. पाय (π) म्हणून २२/७ घ्यायचं की ३.१४, यावरून मुलं भांडतात. ७ सेंमी त्रिज्येच्या त्याच अर्धवर्तुळाची परिमिती एकाची ३६ येते, दुसऱ्याची ३५.९८, खरं मूल्य या दोन्हींच्या मधे आहे. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘लीलावती’त दोन गुणोत्तरं दिली, ३९२७/१२५० सूक्ष्म आणि २२/७ स्थूल, पण व्यवहाराला चालणारं. पेपरात काय धरायला सांगितलंय ते वाचा, म्हणजे झालं.

५. मला सगळ्यात नम्र केलं ते शिवणक्लासने. हाफ अंब्रेला घागरा म्हणजे अर्ध्या कंकणासारखं कापड. आतला कंस कमरेचा, बाहेरचा घेराचा. तिथल्या ताई कमरेचं माप ३.१४ ने भागतात: २८ इंच कमरेला जवळजवळ ९ इंच त्रिज्या. फुल अंब्रेला असेल तर ६.२८ ने, म्हणजे साडेचार. टेपचं एक टोक कापडाच्या कडेवर दाबून धरतात आणि दुसरं फिरवत खडूच्या खुणा करत जातात. ३६ इंच लांबीला खालचा घेर किती भरेल, ते मी मांडून पाहिलं. कमरेपेक्षा सुमारे ११३ इंच जास्त. मग कमर बदलून पाहिली, तरी वाढ तेवढीच! लांबी गुणिले ३.१४, कमरेचा त्यात संबंधच नाही. शाळेच्या मैदानावर पळण्यासाठी आखलेल्या लेनचे प्रारंभबिंदू पुढेमागे का असतात, त्याचं कारणही हेच. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं असतात, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर आणि लेनची रुंदी १.२२ मीटर. तिसऱ्या लेनपासून पुढे प्रत्येक लेन आधीच्या लेनपेक्षा पूर्ण फेरीला ७.६७ मीटर लांब पडते. रुंदी गुणिले ६.२८. त्रिज्या ३६ असो वा १०, फरक तोच. इतकी वर्षं दोन्ही सूत्रं शिकवून हे मला कापडावरच्या खडूने दाखवलं.

६. व्यास फुकट मिळाला तर अर्धवर्तुळासारखा आकार नाही. कोंबड्यांसाठी २२ मीटर जाळी आहे, असं समजा. मोकळ्या जागेत गोल कुंपण केलं तर आत ३८.५ चौमी जागा मिळते. घराच्या लांब भिंतीला लागून तीच जाळी आयताकार लावली तर जास्तीत जास्त ६०.५. भिंतीलाच व्यास मानून अर्धवर्तुळ केलं तर ७७, गोलाच्या बरोबर दुप्पट. वर्गात हे उदाहरण दिलं की आधी कुणाचा विश्वास बसत नाही, मग सगळे वह्यांवर वाकतात. एका मुलीने विचारलं, भिंत कोपऱ्याची असेल, दोन बाजू फुकट असतील, तर? पाव वर्तुळ, त्रिज्या १४, क्षेत्रफळ १५४. हे तिनेच काढलं.