गाडीबरोबर काय काय येते?

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे आहेत. एक वर्धा शहराला लागून असलेले सिंदी (मेघे). दुसरे आपले सिंदी (रेल्वे). कोणी विचारले, "कोणती सिंदी?" तर आपण चटकन सांगतो, "रेल्वेची सिंदी."

आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. म्हणून आज आपण रेल्वेचा, रस्त्याचा आणि आपल्या प्रकृतीचा काय संबंध आहे ते पाहू.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. त्याच वाटेवर आपले स्टेशन आहे. त्याआधी मुंबईला जायचे तर बैलगाडीने आठवडेच्या आठवडे लागत. रेल्वे आली आणि वाट एका दिवस-रात्रीची झाली. इकडचा कापूस तिकडे गेला. तिकडचे कापड इकडे आले. आज आपली मुले गाडीने नागपूरला शिकायला जातात. आजारी माणूस सेवाग्रामच्या दवाखान्यात लवकर पोचतो. हे सगळे गाडीचे उपकार आहेत.

पण गाडीत बिनतिकिटाचे प्रवासीही बसतात. तिकीट तपासनिसाला ते दिसत नाहीत. हे प्रवासी म्हणजे रोग.

गाठीचा ताप

१८९६ चा सप्टेंबर महिना होता. मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने फणफणू लागली. जांघेत, काखेत गाठ यायची आणि थोड्याच दिवसांत माणूस जायचा. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले की हा प्लेग आहे. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हीच साथ होती. जहाजातून ती मुंबईला आली असावी.

मुंबईत ती एवढी का पसरली? गिरण्यांत काम मिळे, म्हणून कोकणातून, घाटावरून माणसे मुंबईला येत. पण राहायला जागा कुठे होती? अंधाऱ्या खोल्यांत माणसे दाटीवाटीने राहत. उजेड नाही, वारा नाही. गटारे तुंबलेली. मांडवी तर बंदराजवळची वस्ती. तिथे धान्याची गोदामे, आणि गोदामे म्हटली की उंदीर आलेच.

लोक घाबरले. लाखो माणसे गाडीत, बोटीत बसून गावी पळाली. त्यांच्याबरोबर प्लेगही निघाला. तो पुण्याला गेला. पुढे नागपूरकडेही आला. उंदीर पडला की माणसे घर सोडत आणि शेतात झोपडी घालून राहत, असे आपण जुन्या माणसांकडून ऐकले आहे.

सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. स्टेशनांवर उतारूंना थांबवून तपासू लागले. कोणाला ताप आहे, कोणाला गाठ आहे, ते पाहू लागले. सारे लक्ष माणसाच्या अंगावर होते. पण उंदराच्या अंगावरची पिसू धान्याच्या पोत्यातून, कपड्यांच्या गाठोड्यातून खुशाल पुढे जात होती. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की उंदराची पिसू प्लेग पसरवते. आधी कोणी ते मानले नाही. पुढे मुंबईतच प्रयोग झाले आणि त्याचे म्हणणे खरे ठरले.

याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. सेवा करता करता त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मुंबईने यातून काही धडा घेतला. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी एक मंडळ नेमले गेले. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, म्हणजे समुद्राचा वारा आत यावा. हे चांगले झाले. पण गरिबांची घरे आधी पाडली आणि नवी पुरेशी बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथे आणखी दाटी झाली. रस्ता रुंद झाला, पण गरिबाची खोली होती तेवढीच अरुंद राहिली. मग रोग कसा हटणार?

श्वासातून येणारा रोग

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. जूनमध्ये ती मुंबईत दिसली. पावसाळा सरताना तिने उग्र रूप घेतले. हा रोग खोकण्यातून, शिंकण्यातून पसरतो. त्याला उंदीर लागत नाही. गच्च भरलेला डबा त्याला पुरतो. रेल्वेच्या वाटेने तो गावोगाव गेला. आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे त्यात दगावली.

आणि २०२० सालचा करोना तर आपण डोळ्यांनी पाहिला. २२ मार्चला उतारूंच्या गाड्या थांबल्या. एरवी गजबजलेली स्टेशने ओस पडली. शहरात अडकलेले मजूर डोक्यावर गाठोडे घेऊन शेकडो मैल पायी निघाले. पण मालगाड्या चालूच होत्या. त्यांतून धान्य येत होते, औषध येत होते. पुढच्या वर्षी प्राणवायूचे टँकरही रेल्वेने वाहिले.

म्हणजे चाक दोन्ही आणते. रोगही आणते, औषधही आणते. चाकाला दोष देऊन भागत नाही. आलेला रोग कुठे मुक्काम करतो, हे पाहिले पाहिजे.

आमच्या टिनावरचा टायर

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या गोठ्यावर टिनाचे छप्पर आहे. वाऱ्याने टिन उडू नये म्हणून मी त्यावर दोन जुने टायर ठेवले होते. आपल्याकडे पुष्कळ घरांवर ते असतात. पावसाळ्यात माझ्या नातवाला ताप चढला. डोके दुखे, डोळ्यांच्या मागे दुखे, अंग मोडून आले. मी म्हटले, "हवा बदलली आहे. होईल बरे." चौथ्या दिवशी ताप उतरला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण पोराचे पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले. तसेच त्याला गाडीत घालून सेवाग्रामला नेले. डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू आहे. वेळेवर आणलेत." सहा दिवसांनी पोर घरी आले.

दुसऱ्याच दिवशी आशाताई आल्या. त्यांनी शिडी लावायला सांगितली. टायरात पाणी साचले होते आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या. आशाताई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही जगाले शिकवता, अन् डास तं तुमच्याच घरी पाळले!" मी काय बोलणार?

डेंग्यूचा डास काळा असतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो. त्याला घाण पाणी लागत नाही, साठवलेले स्वच्छ पाणी चालते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. पाणी आटले तरी ती महिनोन् महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी आले की अळी बाहेर पडते.

म्हणूनच टायर त्याचे वाहन झाला आहे. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरी याच्याच जातभाई डासाची वस्ती सापडली. तो आशियातून जुन्या टायरांच्या व्यापारातून तिकडे गेला होता. म्हणजे पूर्वी प्लेगची पिसू पोत्यातून फिरली, तसा आता हा डास टायरातून फिरतो. आणि २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली, तिच्यात विदर्भातली किती माणसे सांधे धरून बसली होती, ते आठवा. तो रोगही असलेच डास पसरवतात.

टायर जाळू नका

ही गोष्ट मी रात्रीच्या वर्गात सांगितली. मागून एक गडी म्हणाला, "मंग टायरं जाळून टाका नं गुरुजी. कटकटच मिटते."

मी म्हटले, "बाबा, डास मारायला निघालास आणि धूर घरात घेतलास." जळत्या टायराचा काळा धूर विषारी असतो. तो छातीत जातो. दमेकरी, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना तो फार बाधतो. मोटारीच्या धुराचेही तसेच आहे. फाटक बंद असले की आपण गाडी तशीच चालू ठेवतो. पुढे-मागे पन्नास गाड्या धूर सोडत असतात, आणि मधे कडेवर पोर घेतलेली बाई उभी असते. किल्ली फिरवायला कितीसा वेळ लागतो?

आपण काय करावे?

१. टायर उघड्यावर ठेवू नका. छपराखाली ठेवा किंवा भंगारवाल्याला द्या. टिनावर टायराऐवजी दगड ठेवा.

२. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. ड्रम, रांजण, कूलर रिकामे करा. नुसते ओतू नका, कडा घासा. घासल्याशिवाय अंडी निघत नाहीत.

३. ताप आला तर घरच्या घरी दुखण्याच्या गोळ्या खाऊ नका. काही गोळ्यांनी डेंग्यूत रक्त जास्त वाहते. दवाखान्यात दाखवा. पाणी, पेज, ताक भरपूर द्या.

४. ताप उतरताना जास्त लक्ष ठेवा. पोटात फार दुखणे, सतत उलट्या, रक्त येणे, गळून जाणे, यातले काही दिसले तर तासभरही थांबू नका.

५. खोकला-ताप असेल तर गर्दीच्या डब्यात बसू नका. जावेच लागले तर तोंडाला रुमाल बांधा.

६. स्टेशनजवळचे, रस्त्याकडेचे गटार तुंबले तर चार जण मिळून नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या. आता आपल्याला लिहिता येते. हे लिहिणे कामी आणा.

तान्ह्या पोळ्याला आपल्या गावी चहूकडून माणसे येतात. ती येऊ द्या. गाड्याही येऊ द्या, रस्तेही होऊ द्या. येणाऱ्या पाहुण्याला आपण घर झाडून, अंगण सारवून बसायला देतो. पण आगंतुक रोगाला बसायला जागा देऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.

परवा माझा नातू शिडीवर चढला आणि छपरावर दगड नीट लावून आला. खाली उतरून म्हणाला, "आजोबा, आता डास कुठं राहीन?" मी म्हटले, "शेजाऱ्याकडे. चल, त्यालाही सांगून येऊ."

प्रश्न

१. प्लेगच्या वेळी स्टेशनवर माणसे तपासली, तरी रोग पुढे का गेला?

२. टायरातले पाणी ओतून दिले तरी पुन्हा डास का होतात?

३. आज घरी गेल्यावर छपरावर, अंगणात, कूलरमध्ये पाहा. पाणी कुठे कुठे साचले आहे? त्याची यादी आपल्या हाताने लिहून उद्या वर्गात आणा.