आरेखकाचे बदलते काम

कारखान्यातील आरेखन विभाग म्हणजे पूर्वी कलत्या फळ्यांचे लांबलचक दालन असे. एक माप बदलले की आरेखकाला अनेक आकृत्या खोडून पुन्हा काढाव्या लागत. पुढे हे काम संगणकाकडे गेले. त्या वेळच्या टेल्को कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी घडविलेली, १९९८ साली लोकांपुढे आलेली इंडिका मोटार ही त्याच काळातील होय. तथापि आकार सुचे तो माणसालाच. संगणक तो नेटका रेखाटी.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही मर्यादा आता उरलेली नाही. भागावर भार किती येणार, तो कोठे जोडावयाचा, कोणती जागा मोकळी ठेवावयाची, एवढे सांगितले की संगणक स्वतःच आकार सुचवितो. अमेरिकेतील जनरल मोटर्सने २०१८ साली ऑटोडेस्कच्या आज्ञावलीद्वारे आसनाच्या ब्रॅकेटसाठी असे दीडशेहून अधिक आकार मिळविले. त्यांतून निवडलेल्या आकारात आठ तुकड्यांचा एकच तुकडा झाला. वजन ४० टक्क्यांनी घटले, बळकटी २० टक्क्यांनी वाढली.

परंतु असा वेडावाकडा, हाडासारखा आकार धातूचे थर रचणाऱ्या यंत्रावरच निघतो. चाकणच्या लघुउद्योजकाकडे असतो पत्रा, प्रेस आणि डाय. पत्रा किती वाकविला तर तडकणार नाही, स्पॉट वेल्डिंगची गन आत पोहोचेल काय, नग पाचशे काढावयाचे की लाख, हे संगणकाला कोणी तरी सांगावेच लागते. न सांगितल्यास तो बिनचूक गणित करून निरुपयोगी आकार पुढे ठेवतो. हे सांगणे, आलेल्या आकारांतून एक निवडणे व त्याखाली सही करणे, हेच आता अभिकल्पकाचे मुख्य काम होत आहे. भाग रस्त्यावर मोडला तर जाब संगणकाला विचारता येत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यांत्रिकी आरेखकाचा व्यवसाय शिकणाऱ्या मुलांपुढील अडचण याहून बिकट आहे. दिलेल्या आकृतीच्या स्वच्छ प्रती काढता काढताच नवशिका यंत्रभाग ओळखू लागे. तेच काम संगणकाकडे गेले, तर शिडीची खालची पायरीच नाहीशी होते. तेव्हा दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांस निदान महिनाभर प्रेसशेजारी उभे करावे, मोडलेला भाग हाती देऊन तो का मोडला हे विचारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खेड तालुक्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत कारखाने आहेत. सदस्यांनी उद्योजकांकडे शब्द टाकल्यास ही सोय होण्यासारखी आहे.