फवारणी पंपातील बॅटरी आणि आयातदाराची कागदपत्रे

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक हे मंचरजवळचे गाव. कांदा, बटाटा आणि ऊस ही या परिसरातील परिचित पिके. दांडा मारून चालवावयाचा जुना फवारणी पंप येथेही आता मागे पडत असून त्याची जागा बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या पंपाने घेतली आहे. रात्रीच्या पाळीत पिकास पाणी द्यावयाचे, त्यात जुन्नर-आंबेगाव भागात बिबट्याचा वावर. त्यामुळे प्रखर प्रकाशाची विजेरीही घरोघरी आली. ग्रामीण बोलीत या विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात. साधन आणि त्यातील विद्युत्घट यांत लोकभाषेने भेद ठेवलेला नाही. कायद्यानेही आयातीच्या बाबतीत नेमकी हीच दृष्टी स्वीकारली आहे, आणि अनेक लहान व्यापारी येथेच चुकतात.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये बॅटरीविषयीचे पहिले नियम १६ मे २००१ रोजी अधिसूचित झाले. ते केवळ शिसे-आम्ल बॅटरीपुरते होते. आयातदाराने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे नोंदणी करावयाची व सहामाही विवरणपत्रे भरावयाची, अशी त्यांत व्यवस्था होती. लिथियमच्या बॅटऱ्या, विजेरीतील लहान घट हे सारे त्या कक्षेबाहेर राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ आले. रसायन कोणतेही असो, बॅटरी लहान असो वा मोठी, ती या नियमांखाली येते. वर्ग चार आहेत: हाती वागवता येणारी लहान बॅटरी, वाहनाची, औद्योगिक आणि विद्युत वाहनाची.

उत्पादक कोणास म्हणावे?

या नियमांतील ‘उत्पादक’ म्हणजे केवळ कारखानदार नव्हे. बॅटरी आयात करणारा आणि बॅटरी बसविलेले साधन आयात करणारा, हे दोघेही उत्पादकच होत. परदेशातून फवारणी पंप मागवून न्हावा शेवा बंदरात उतरवून घेणारा व्यापारी ‘आपण पंप आणतो, बॅटरी नव्हे’ असे म्हणत असेल, तर ते म्हणणे टिकणारे नाही. गावातील कृषी सेवा केंद्राचा चालक देशातील घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतो, तोवर तो केवळ विक्रेता असतो. मात्र त्याने उद्या स्वतःच्या नावाचा शिक्का मारून पंप विकावयास आरंभ केला, तर तोही उत्पादक ठरतो. शेतमालाच्या जोडीला अवजारांचा व्यापार करू इच्छिणाऱ्या तरुणांना ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आणि शिक्षकांनी ही गोष्ट अगोदर सांगणे इष्ट आहे.

कागदपत्रांची जुळणी

नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संगणकीय संकेतस्थळावर नमुना १(अ) मध्ये अर्ज करून मिळते; प्रमाणपत्र नमुना १(ब) मध्ये दिले जाते. आस्थापनेचा पॅन, वस्तू व सेवा कर नोंदणी, विदेश व्यापार महासंचालनालयाने दिलेला आयात-निर्यात संकेतांक, कंपनी असल्यास तिचा निगम ओळख क्रमांक आणि सही करणाऱ्या अधिकृत व्यक्तीची कागदपत्रे एवढी सामग्री लागते. यांत अवघड असे काही नाही. मात्र चारही ठिकाणी नाव व पत्ता अक्षरशः एकच असावा. एका कागदावर ‘ट्रेडर्स’ आणि दुसऱ्यावर ‘ट्रेडिंग कंपनी’ असेल, तर अर्ज करण्यापूर्वीच ते दुरुस्त करून घ्यावे.

खरी कसोटी लागते ती वजनाच्या रकान्यात. आयातीच्या बिल ऑफ एन्ट्रीमध्ये पंपांची संख्या नगांत असते आणि मालाच्या यादीतील वजन खोक्यासह असते. मंडळास हवे असते ते बॅटरीचे वजन, तेही वर्गनिहाय व रसायननिहाय. समजा, एका व्यापाऱ्याने वर्षात १,००० पंप आणले. बॅटरीसह प्रत्येक पंपाचे वजन ६ किलो आणि त्यातील शिसे-आम्ल बॅटरीचे २.४ किलो आहे. त्याने संपूर्ण पंपाचे वजन लिहिले, तर ६ टनांची जबाबदारी विनाकारण अंगावर येईल. बॅटरीचे वजन लिहावयाचेच राहिले, तर २.४ टन बॅटऱ्या हिशेबातून नाहीशा होतील. शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, हे लक्षात घेता सव्वा टनाच्या आसपास शिसे कोणाच्याही नावावर न चढता शेतशिवारात उतरले, असा त्याचा अर्थ होतो. यासाठी माल मागवतानाच परदेशी कारखानदाराकडून प्रत्येक नमुन्याच्या बॅटरीचे वजन, रसायन व क्षमता लेखी घ्यावी. एकाच रूपाच्या पंपात कधी शिसे-आम्ल तर कधी लिथियम बॅटरी येते. त्यांची नोंद वेगळी ठेवावी. पाच किलोहून हलकी, बंदिस्त व वाहन किंवा औद्योगिक वापराची नसलेली बॅटरी पहिल्या वर्गात मोडते. पंपाची बॅटरी सामान्यतः याच वर्गातील होय.

वजनाच्या या आकड्यावरूनच पुढील वर्षांत किती टाकाऊ बॅटऱ्यांची विल्हेवाट लावली पाहिजे, ते ठरते. यास विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व असे म्हणतात. आयातदाराने स्वतः भट्टी उभारावी अशी अपेक्षा नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याने प्रत्यक्ष केलेल्या कामाची प्रमाणपत्रे घेऊन त्याने आपले लक्ष्य पूर्ण करावयाचे असते. लहान बॅटरीच्या कोरड्या वजनातून परत मिळवावयाच्या सामग्रीचे किमान प्रमाण २०२४-२५ साठी ७० टक्के, २०२५-२६ साठी ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के असे ठरविले आहे. वार्षिक विवरणपत्राची मुदत ३० जून ही आहे. लक्ष्य अपुरे राहिल्यास पर्यावरणीय भरपाई आकारली जाते आणि ती भरल्याने मूळ जबाबदारी संपत नाही. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह असावे लागते. २०२५ च्या दुरुस्तीने नोंदणी क्रमांक बारकोड किंवा क्यूआर संकेताद्वारे देण्याची तरतूद केली आहे.

शिशाची भट्टी

या साऱ्या खटाटोपामागे काय आहे, हे सेनेगल देशातील एका घटनेवरून कळते. डाकार शहरालगतच्या थियारॉय-सूर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा उद्योग चालत असे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ बालके शिशाच्या विषबाधेने दगावली. मुलांच्या शरीरास निर्धोक ठरेल असे शिशाचे कोणतेही प्रमाण आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि बॅटऱ्या उघड्यावर फोडणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी सहसा वाया जात नाही, कारण दुकानदार नवी देताना जुनीची किंमत वजा करतो. पंपाच्या लहान बॅटरीचे तसे होत नाही. ती गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते आणि एखाद्या दिवशी भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. तेथून ती कोणत्या भट्टीत पोचली, ते कोणी विचारत नाही. नियमांनी ग्राहकावरही टाकाऊ बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य संकलकाकडे देण्याचे कर्तव्य टाकले आहे. ते पार पडावयाचे तर कृषी सेवा केंद्रात जुनी बॅटरी ठेवून घेण्याची सोय हवी. आयातदाराने अनामत रक्कम घेऊन ती जुन्या बॅटरीबरोबर परत करण्याची योजना चालविल्यास नियमांची त्यास मुभा आहे.

ग्रामपंचायतीपुरता विचार करता सौर पथदिव्यांच्या आणि कार्यालयातील इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत संख्येबरोबर वजन व रसायन लिहून ठेवता येईल. निर्लेखनानंतर त्या इतर भंगारासमवेत लिलावात न काढता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण कारखान्याकडे द्याव्यात व त्याची पावती नोंदवहीस जोडावी. नव्या खरेदीच्या दरपत्रकांत पुरवठादाराकडून उत्पादकाचा नोंदणी क्रमांक मागविता येतो. शेजारच्या अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. बॅटरीचा वर्ग व रसायन ओळखण्याच्या कामी तेथील अध्यापकांचे साहाय्य घेता येण्याजोगे आहे.