जनपदोद्ध्वंस आणि आरोग्यसेविका
विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात चरकाचार्यांनी वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीने होणारा जनपदोद्ध्वंस वर्णिला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जंतू जखमांवाटे शरीरात शिरतात. अशा वेळी घरोघरी ज्वरग्रस्त शोधणारी आरोग्यसेविका हीच पहिली फळी होय. मात्र अनेक रुग्ण प्रथम आमच्याच दारी येतात. पुराच्या पाण्यात वावरलेल्यास ताप, पोटऱ्यांत वेदना वा डोळ्यांत लाली आढळल्यास आम्हा वैद्यांनी दिवस न दवडता त्यास रुग्णालयात पाठवावे, सेविकेस कळवावे. औषधविक्रेत्यांनीही तापाची गोळी देण्यापूर्वी ‘पुराच्या पाण्यातून चालला होतात का?’ असे अवश्य विचारावे.