4.3 छापलेली कविता आणि युद्धाचा आरोप : बाबाराव सावरकर खटला (1909)

मागील उपघटकात आपण 1897 चा टिळक खटला पाहिला. टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. आरोप राजद्रोहाचा, म्हणजे कलम 124-अ चा होता. बारा वर्षांनी नाशिकच्या गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांवर चाललेला खटला याहून गंभीर होता.

बाबारावांनी 1908 च्या आरंभी ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाने काही कविता प्रसिद्ध केल्या. सरकारने राजद्रोहावर न थांबता कलम 121 लावले : सम्राटाविरुद्ध युद्ध करणे अथवा त्यास चिथावणी देणे. शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. शिवाय मालमत्तेची जप्ती. जून 1909 मध्ये बाबारावांना जन्मठेप झाली.

अपील मुंबई उच्च न्यायालयात न्या. नारायण चंदावरकर व न्या. हीटन यांच्यापुढे आले. मराठीच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे, कारण वाद शस्त्रांचा नसून अर्थाचा होता. देवांनी दैत्य मारले, हा वाच्यार्थ जुनाच. न्यायालयाने मात्र ठरवले की, देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे केवळ निमित्त आहेत; परक्या सरकारवर तलवार उचला, हाच खरा आशय. काव्यशास्त्रात जिला आपण व्यंजना म्हणतो, तीच गुन्ह्याचा पुरावा ठरली. चंदावरकरांचे हे वाचन साहित्यदृष्ट्या चुकीचे म्हणता येत नाही. पण व्यंग्यार्थ उमगला, एवढ्यावरून प्रकाशकाने युद्धास चिथावणी दिली असे धरावे काय? लंडनमध्ये 1664 साली जॉन ट्विन या मुद्रकाला एका पुस्तिकेच्या छपाईसाठीच देहान्त झाला होता. लेखकाचे नाव त्याने सांगितले नाही. बाबारावांचा जीव वाचला, त्यांना अंदमानला धाडण्यात आले.

फाशी गेले ते दुसरेच. या खटल्याचा सूड म्हणून 21 डिसेंबर 1909 रोजी औरंगाबादेत शिकलेल्या अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. औरंगाबाद तेव्हा बीडप्रमाणेच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नाशिकच्या चळवळीचे धागे संस्थानी मुलखात पोचले होते, हे यावरून दिसते.

कृती : आपल्या भागात गायला जाणारा दैत्यवधाचा एखादा पोवाडा किंवा कीर्तनातील आख्यान निवडा. त्याचा वाच्यार्थ व संभाव्य व्यंग्यार्थ दहा ओळींत लिहा. 1909 च्या न्यायालयाने त्याचा कोणता अर्थ लावला असता, ते सकारण सांगा.